रांजणात मोजलेला श्वास

मिरजेहून लातूरला येणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला काचेचा फ्लास्क होता, तोंडाला कापसाचा बोळा. समोरच्या बाकावरची म्हातारी कुर्डुवाडीपासून माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय हाय गं त्यात? औषध?"

"नाही आजी. समुद्राचं पाणी."

"मग येवढं काऊन जपायलीस? खारं तर असतंय."

मी फडकं थोडं बाजूला केलं. पाणी फिकट सोनेरी दिसत होतं, चहा फार पातळ झाल्यावर दिसतो तसं. "यात झाडं आहेत," मी म्हटलं, "डोळ्याला न दिसणारी. ती श्वास घेतात. तो मला मोजायचाय."

म्हातारीनं फ्लास्ककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या शिदोरीतली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. "खा," ती म्हणाली. "लई वाळलीस."

मी तेव्हा लातूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. घरात महादेवाची भक्ती आणि मोंढ्यातले धान्याचे भाव यांपलीकडे फारसं बोलणं नसे. आदल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी कोकणातल्या एका सागरी प्रयोगशाळेत गेले होते. तिथल्या सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली डायटम दाखवले. मराठी पुस्तकात त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, कारण प्रत्येक पेशीभोवती काचेची झाकणासकट डबी असते. समुद्राच्या वरच्या थरात त्या तरंगत असतात, दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, आणि उजेड असो की अंधार, स्वतः श्वासही घेत असतात. सोडलेला प्राणवायू मोजणं त्या मानानं सोपं. श्वासात घेतलेला मोजणं अवघड, कारण तो फार थोडा असतो. सर म्हणाले, "हे काम फार लोक करत नाहीत. चिकाटी लागते." मी तिथल्या तिथे ठरवलं की पीएच.डी. करायची तर यावरच.

विद्यापीठाच्या समितीपुढे गेले तेव्हा एक सदस्य हसून म्हणाले, "बाई, समुद्र कुठे तुमच्या लातुरात?" सगळेच हसले. मीही हसले, आणि मग म्हणाले, "समुद्र मी नेईन, सर." कोकणातल्या सरांनी मार्गदर्शक व्हायचं कबूल केलं होतं म्हणून परवानगी मिळाली. नाहीतर मिळाली नसती.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. गावभर पाट्या बदलणं चाललं होतं. जुन्या पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून रंगारी 'जिल्हा लातूर' लिहीत होते. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या उघडत होत्या. मी प्रयोगासाठी मागवलेल्या काचेच्या बाटल्यांचं खोकं जुन्या पत्त्याच्या सवयीनं उस्मानाबादला जाऊन, तिथे पडून, मग माझ्याकडे आलं. जिल्हा नवा होता, लोकांना त्याचा अभिमान होता, आणि पाऊस मात्र वर्षामागून वर्ष रुसलेला होता. नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं. चौकाचौकात टँकरभोवती घागरींची रांग असायची.

अशात मी प्राचार्यांकडे प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी तयार करायची परवानगी मागितली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लोकांना प्यायला न्हाई बाई, अन् तुम्ही चांगल्या पाण्यात मीठ कालवणार?"

"थोडंसंच लागेल सर."

"थोडं न् लई, मला लोकांना तोंड दाखवायचंय. खोली घ्या, टेबल घ्या. कॉलेजच्या टाकीतला एक थेंब घ्यायचा न्हाई."

ही अट मी रसायनशास्त्राच्या बाईंना सांगितली. त्या मूळच्या नांदेडच्या, पिढ्यानपिढ्या तिथे स्थायिक असलेल्या मुसलमान घराण्यातल्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सगळा स्टाफ त्यांना आपा म्हणे, मीही. आपा कमी बोलत, आणि बोलत ते रोखठोक.

"मग रडतेस कशाला?" त्या म्हणाल्या. "नांदेडला गोदावरी आहे. मी दर रविवारी घरी जाते. माझ्या जुन्या कॉलेजात डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र रोज चालतं. दोन कॅन आणीन."

"आपा, तुम्ही कशाला एवढं..."

"कारण तुझं थेंबाथेंबानं मोजायचं टायट्रेशन मी पाहिलंय. फार वाईट आहे. ते मीच करणार."

अशी आमची जोडी जमली. आपा नांदेडहून पाणी आणायच्या. मी त्यात मीठ आणि इतर क्षार तोलून समुद्र बनवायची. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कळलं तेव्हा त्यांनी उदगीरहून खड्यामिठाचं पोतंच पाठवून दिलं. "समुद्राचंच हाय," असा निरोप. ते मीठ प्रयोगाला चालणारं नव्हतं, पण मी तसं कळवलं नाही. स्टाफरूममधल्या प्रत्येकीच्या घरी कैरीचं लोणचं त्या मिठात पडलं.

एका रविवारी मीही आपांबरोबर नांदेडला गेले. परत येताना बस खच्चून भरलेली. आम्ही पायाशी कॅन घेऊन बसलो होतो. लोह्याला एक बाई चढली, कडेवर तापलेलं लेकरू. तिनं कॅनकडे पाहिलं.

"बाई, पाणी हाय नव्हं त्यात? लेकरू वाळून चाललंय."

मी आपांकडे पाहिलं. त्या पाण्यात आमचा पुढचा आठवडा होता. आपांनी कॅनचं झाकण उघडलं आणि पेला भरला. लेकरानं घटाघटा प्यायलं. मग आईनं. मग पलीकडच्या आजोबांनी हात पुढे केला. अहमदपूर येईपर्यंत एक कॅन रिकामा झाला.

"आज समुद्र जरा छोटा होईल," आपा मला हळूच म्हणाल्या.

पुढच्या सीटवरच्या एका फेटेवाल्यानं विचारलं, "कसलं पाणी म्हनायचं हे? चवच न्हाई."

आपांनी त्याला सगळं सांगितलं. तो मागे वळून बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐकलं का! दुष्काळात समुद्र करून राहिल्यात ह्या बाया!" सगळी बस हसली. पण लातूरच्या स्टँडवर त्याच माणसानं उरलेला कॅन खांद्यावर घेऊन, एक थेंब सांडू नये म्हणून पाय जपून ठेवत, रिक्षापर्यंत आणून दिला.

प्रयोगाची रीत सांगायला सोपी आहे. करंडकांचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरायचं, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. काही बाटल्यांतला प्राणवायू लगेच मोजायचा. उरलेल्या बाटल्यांना काळा रंग दिलेला. म्हणजे खिडकीत ठेवल्या तरी आत अंधार. अंधारात झाडं अन्न करू शकत नाहीत, फक्त श्वास घेतात. दुसऱ्या दिवशी त्यांतला प्राणवायू मोजायचा. जेवढा कमी झाला, तेवढा श्वासात गेला. मोजताना पाण्यात एकेक रसायन घालत जायचं. आधी तपकिरी साका बसतो, आम्ल घातलं की पाणी पिवळं होतं, शेवटी खळीचं पाणी घातलं की गर्द निळं. मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, थेंब थेंब सोडत जायचं, आणि ज्या थेंबाला निळा रंग नाहीसा होतो तिथे थांबायचं. जास्त थेंब लागले तर प्राणवायू जास्त.

बाटल्यांना रंग मी पाट्या रंगवणाऱ्याकडूनच देऊन घेतला होता. त्याच्याकडे काळा रंग भरपूर होता. सगळा जिल्हा त्याच रंगात लिहिला जात होता.

पहिला फ्लास्क चैत्रातल्या उन्हानं मेला. सोनेरी पाणी पांढुरकं झालं. मी पुन्हा कोकणात जाऊन दुसरा आणला आणि उत्तरेच्या खिडकीत, मातीच्या परातीत, ओल्या फडक्यावर ठेवला. तो जगला. वाढलाही. आम्ही मोजायला बसलो.

आणि उत्तर उलटं आलं. अंधारातल्या बाटलीत प्राणवायू कमी होण्याऐवजी वाढलेला.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा वाढलेला. कधी थोडा, कधी बराच. रसायनं नवी केली, ब्युरेट बदलली. आपा निवांतपणे एकेक थेंब सोडत, आणि शेवटी मान हलवत. कोकणातल्या सरांना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं की उष्णतेच्या गावात हे काम होईलसं वाटत नाही, विषय बदलण्याचा विचार करा. त्या दिवशी मी जेवले नाही. समितीतले ते हसणारे गृहस्थ डोळ्यांपुढून हलेनात.

"झाडं खोटं बोलत नाहीत," आपा म्हणाल्या. "माझी रसायनंही नाहीत. मग उरलं काय?"

उरल्या बाटल्या. भर दुपारी मी एक रिकामी काळी बाटली घेऊन गच्चीवर गेले. पाय भाजत होते. बाटलीच्या तोंडाला डोळा लावला आणि ती उन्हाकडे धरली.

आत चांदणं पडलं होतं. रंगाला सगळीकडे सुईच्या टोकाएवढी भोकं. बुडाच्या कडेनं तर उजेडाची गोल रेघ. लातूरचं ऊन तसं कुठूनही आत शिरतं. माझी झाडं ज्याला मी रात्र समजत होते त्यात बसून निवांत अन्न करत होती.

मी धावत खाली आले. "आपा, अंधार फुटका आहे!"

आपांनी स्वतः बाटली डोळ्याला लावली, बराच वेळ पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहत होते.

मग आम्हाला खरा अंधार हवा होता, आणि थंडावाही, कारण बाटल्या तापल्या की सगळाच हिशेब बिघडतो. लातुरात त्या दिवसांत शीतपेटीला वीज मिळेल याची खात्री नव्हती. स्वयंपाकघरात जे करतो तेच करायचं असं मी ठरवलं. कुंभारवाड्यातून मोठा रांजण आणला. तळाला वाळू, वाळूवर पाणी, पाण्यात बाटल्या उभ्या. प्रत्येक बाटलीवर काळ्या कापडाची दुहेरी पिशवी, आपांनी मशीनवर शिवलेली. रांजणावर जाड लाकडी झाकण, त्यावर घोंगडी, आणि बाहेरून ओलं गोणपाट. गोणपाट ओलं ठेवायला मी माझ्या घरच्या अंघोळीच्या पाण्यातून तांब्या बाजूला काढायची. आतला तापमापक दुपारच्या लाहीतही जागचा हलेना. गार, एकसारखा, घट्ट अंधार.

आपांचे रोजे चालू होते. पिपेटच्या काचनळीतून तोंडानं रसायन ओढायचं काम त्यामुळे माझ्याकडे. आधीच्या बाटल्यांतला प्राणवायू पहिल्या रसायनांनी धरून ठेवला होता; मी बाटल्यांच्या चिठ्ठ्या काढून नुसते क्रमांक घातले, म्हणजे कोणती आधीची नि कोणती अंधारातली हे आपांना कळू नये. त्या मोजत गेल्या, मी टिपत गेले. निळा रंग एकेका बाटलीत विरत होता. शेवटची बाटली झाली तेव्हा मी आकडे मांडले.

"कमी झालाय," मी म्हणाले.

"किती बाटल्यांत?"

"सगळ्यांत."

आपांनी ब्युरेट बंद केली. "उद्या पुन्हा," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. तिसऱ्या दिवशीही. त्याबरोबर मी बारीक गाळणीतून गाळलेलं, झाडं काढून टाकलेलं पाणीही रांजणात ठेवलं होतं. त्यातला प्राणवायू जवळपास जागच्या जागी. म्हणजे तो श्वास माझ्या करंडकांचाच होता.

मी गल्लीतून पेढे आणले, आणि मग आठवलं की आपांना खाता येणार नाही. आम्ही पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसलो. संध्याकाळी बांगेच्या आवाजाला आपांनी खजूर तोंडात टाकला, त्यावर घोटभर पाणी, आणि तिसऱ्या घासाला पेढा. दुसरा पेढा माझ्या तोंडात कोंबून म्हणाल्या, "समुद्र नेईन म्हणाली होतीस ना? आणलास पोरी."

प्राचार्य स्वतः रांजण बघायला आले. झाकण उचलायचं नाही म्हटल्यावर बाहेरूनच हात लावून पाहिला. "गार हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गोणपाटासाठी त्यांच्या घरून एक घागर यायला लागली.

दिवाळीनंतर कोकणातून तार आली. सुट्टीत प्रयोगशाळेतली वीज गेली होती, थंड खोली तापली होती, आणि तिथला तोच करंडकांचा वाण पूर्ण मेला होता. 'तुमच्याकडे जिवंत असेल तर घेऊन या.'

मी तार आपांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "लातूरनं समुद्राला झाडं द्यायची?" त्या म्हणाल्या. "मीही येते."

आम्ही चार फ्लास्क नेले. छोट्या गाडीत दोघी समोरासमोर, प्रत्येकीच्या मांडीवर दोन. मिरजेपासून पुढे बसनं. घाट उतरताना आपांनी डोळे मिटून फ्लास्क छातीशी धरले होते आणि ओठांनी काही पुटपुटत होत्या. चारही सोनेरी उतरले.

सरांनी पहिला फ्लास्क उजेडाला धरला. सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग मागे वळून सगळ्यांना हाक मारली, "या रे, बघा! ही आमच्यापेक्षा ताजी आहेत."

त्यांच्याकडे प्राणवायू मोजणारं नवं विजेचं यंत्र आलं होतं. सर म्हणाले, "एकच पाणी. अर्धं यंत्राला, अर्धं तुमच्या पद्धतीनं. बघू या." आपांनी ट्रंकेतून त्यांच्या काळ्या पिशव्या काढल्या. तिथे रांजण नव्हता. आम्ही बाजारातून माठ आणला. प्रयोगशाळेतली तरुण मंडळी तोंडावर हात ठेवून हसत होती.

दुसऱ्या दिवशी आकडे फळ्यावर लिहिले गेले. डावीकडे यंत्र, उजवीकडे माठ. ते इतके जवळ होते की फळ्याशी उभा असलेला मुलगा थबकला आणि त्यानं पुन्हा तपासून पाहिले. पाहुणे म्हणून आलेले एक वयस्कर शास्त्रज्ञ मागे बसले होते. त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"हा श्वास करंडकांचा कशावरून? पाण्यातल्या जंतूंचा नसेल?"

सर माझ्याकडे वळले. मी गाळलेल्या पाण्याचे आकडे फळ्यावर लिहिले आणि सांगितलं की त्या गाळणीत झाडं अडतात, जंतू खाली जातात. ते गृहस्थ उठून फळ्याजवळ आले. त्यांनी मला विचारलं, "हे सगळं कुठे केलंत?"

"लातूरला."

"तिथून समुद्र किती दूर?"

"छोट्या गाडीनं आणि एसटीनं, एक रात्र आणि एक दिवस," आपा मागून म्हणाल्या. ते हसले, आणि टाळी त्यांनी सुरू केली. मग सगळी खोली वाजवत होती. सरांनी सर्वांदेखत सांगितलं की विषय बदला असं मी यांना लिहिलं होतं, बरं झालं यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. आपांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. इतके महिने तो नांदेडच्या पाण्यातून बनवायला मदत करत होत्या, आणि पाहिला नव्हता. त्या काठाशी थांबल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, चपला हातात घेतल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेल्या. लाट आली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. त्यांनी ओंजळ भरली, जिभेला लावली, आणि विचार करून मला ओरडून सांगितलं, "तुझ्यापेक्षा जरा खारट झालाय!"

प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. शेवटची तोंडी परीक्षा विद्यापीठात होती. दादा उदगीरहून धोतर-कोट घालून, कपाळाला भस्म लावून आले आणि सभागृहात पहिल्या रांगेत बसले. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नसावं, पण प्रत्येक प्रश्नाला ते विचारणाऱ्याकडे रागानं आणि उत्तराला माझ्याकडे अभिमानानं पाहत होते. निकाल सांगितल्यावर त्यांनी उठून परीक्षकांना विचारलं, "म्हंजे झाली ना डॉक्टर?"

"झाल्या."

"लिहून द्याल का? दुकानात लावायचंय."

सगळे हसले. आपा माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, इतका की बांगड्या रुतत होत्या. बाहेर आल्यावर दादांनी आम्हा दोघींना समोरच्या हॉटेलात नेलं, आपल्या हातानं खुर्च्या पुसल्या, आणि वेटरला म्हणाले, "ह्या माझ्या दोन लेकी. जे चांगलं असंल ते आन."